तळ्याचा उजवा फेरा

एग्मोर स्टेशनावर सौ.ने काठी डाव्या हातात घेतली, उजव्या हाताने दांडी धरली आणि माझा आधार न घेता डब्यात चढली. जिन्यावर पडून तिच्या मांडीचे हाड मोडले, त्याला आठ महिने झाले होते. ट्रिप्लिकेनमधल्या आमच्या बिऱ्हाडाला एकोणीस पायऱ्या आहेत. आज त्या तिला खुर्चीत बसवून शेजारच्या दोघांनी उतरवल्या होत्या.

"कोडाईच्या तळ्याला एक अख्खा फेरा घातला, तर घरी वरच्याच मजल्यावर राहायचं," तिने गाडीत बजावले. "कबूल?"

मी "बरं" म्हणालो. घरमालकांची तळमजल्यावरची मागची खोली आपण घेऊ, असे मी त्यांना आधीच सांगून बसलो होतो, हे मात्र बोललो नाही. त्या खोलीत दुपारीही दिवा लावावा लागतो. वर गच्ची आहे, समुद्राचा वारा आहे, तिची तुळस आहे.

कोडाई रोड स्टेशनापासून बसने पन्नास मैल. वळणे मोजायला लागलो, पण एकशे बाराव्याला डोळे मिटून घेतले आणि मोजणे सोडून दिले. वर पोचल्यावर निलगिरीच्या झाडांचा वास आणि अंगावर काटा आणणारी थंडी. लॉजच्या व्हरांड्यातून तळे दिसे. जेवणात मिळगु रसम (मिऱ्याचे सार) असे, सौ. दोन वाट्या पिई आणि आपल्या साताऱ्याच्या कटाच्या आमटीची आठवण काढी.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच तळ्याभोवती चालून आलो. सहा हजार पाचशे चाळीस पावले, दगडी बाके चार. शेवटचे बाक आणि बोटींचा धक्का यांत मात्र सतराशे पावले बसायला जागा नाही. म्हणून धक्क्यापासून डावीकडून न जाता उजवीकडून निघावे, म्हणजे हा टप्पा पाय ताजे असतानाच संपेल, असा मी कागदावर आराखडा काढला. सात दिवस तिने लॉजच्या बागेत सराव केला. आठव्या सकाळी आम्ही धक्क्यावर उभे राहिलो.

"इकडून," मी म्हणालो.

तिने तळ्याकडे पाहिले. "म्हणजे पाणी डाव्या हाताला? उलटी प्रदक्षिणा घालायला मी काय मसणात आलेय?"

"अगं, हे देऊळ नव्हे. मी बाके मोजलीत."

"मग आता उलटी मोजा."

आणि ती निघालीसुद्धा, पाणी उजव्या हाताला ठेवून. प्रत्येक बाकावर दहा मिनिटे बसलो. तिसऱ्या बाकाजवळ गाजरे विकणाऱ्या म्हातारीने "मेदुवा, अम्मा (सावकाश, बाई)" म्हणून एक गाजर तिच्या हातात ठेवले.

शेवटच्या टप्प्यात, धक्का नऊशे पावलांवर असताना, ती थांबली. दोन्ही हात तिने काठीवर टेकवले. नेमका एक घोडेवाला पुढे आला. "कुदिरै (घोडा), अय्या? अम्मांना पाच मिनिटांत पोचवतो."

"बस घोड्यावर," मी म्हणालो. "पुष्कळ झालं. खालची खोली आहेच. घरमालकांना तसं सांगितलंय मी."

तिने माझ्याकडे पाहिले. "कधी?"

"निघायच्या आधी."

"म्हणजे मी इथे चालत होते आणि तुम्ही तिथे माझं सामान खाली आणून ठेवलं होतंत!" ती घोडेवाल्याकडे वळली. "वेंडाम (नको), बाबा. घोडा चालला तर फेरा घोड्याचा होतो."

तिने पाऊल टाकले. मी मागून मोजत होतो. माझ्या नऊशे पावलांना तिची पंधराशे सत्तर लागली. वाटेत ती सहा वेळा उभी राहिली, पण खाली बसली नाही. धक्क्याच्या कठड्याला हात लावून तिने तळ्याला नमस्कार केला आणि मला म्हणाली, "घरी गेल्याबरोबर शब्द मागे घ्या. मी वर जायच्या आधी."

ट्रिप्लिकेनला उतरलो तेव्हा ऊन तापले होते. मी घरमालकांच्या दारात उभा राहून खोली नको म्हणून सांगितले. ते म्हणाले, "पण अम्मा चढणार कशा?" मागे पायऱ्यांवर काठीचा ठक ठक आवाज सुरू झाला होता. माझे सगळे आकडे बरोबर होते. फक्त ते माझ्या पावलांचे होते.

"अहो," वरून हाक आली, "गप्पा पुरे! किल्ली तुमच्या खिशात आहे!"