कापसाच्या तासातले समसंबंध

तर चांदबीनं उत्तर दिलं, "पैसेवाला." कालची गोष्ट इथवर आली होती आणि तेवढ्यात चहा आला, म्हणून राहून गेली. प्रश्न असा होता, की डॉक्टरचं रोग्याशी जे नातं, तेच वकिलाचं कोणाशी? पुस्तकात चार पर्याय होते, न्यायाधीश, अशील, पोलीस, साक्षीदार. चांदबीनं पाचवा काढला. कापसाच्या तासात, म्हणजे झाडांच्या ओळीत, वाकलेल्या बाया सरळ उभ्या राहून हसल्या आणि मी बांधावर बसून पुस्तक मिटून हसलो.

"हसा," पुष्पांजली म्हणाली, "पण आधी वाक्य करा. डॉक्टर कोणासाठी काम करते? रोग्यासाठी. मंग वकील कोणासाठी काम करते?"

"ज्याच्याजवळ पैसे हायेत त्याच्यासाठी. मी काय खोटं बोलून राह्यली का?"

"खोटं नाही, माय. पण थे पर्यायात नाही."

पुष्पांजली म्हणजे आमच्या शेजारच्या आशाबाईची सून. माहेर देऊळगाव राजाकडचं. इथं पिंपळगाव राजाच्या अंगाला लग्न होऊन आली तेव्हा 'मला', 'तुला' म्हणायची, तर बाया तिला चिडवायच्या. वर्षभरात तीही 'मले', 'तुले' म्हणू लागली. बारावी होऊन आली होती. नवरा दीपक सरकी काढायच्या जिनिंगवर हंगामी कामाला, घरी थोडी कोरडवाहू जमीन. दोन पोरं झाल्यावर तिनं घरी बसून बी.ए. केलं, आणि मग तलाठ्याच्या परीक्षेचं वेड घेतलं. वेडच म्हणायचं, कारण वयाची अट अशी होती की ही परीक्षा हुकली तर पुढच्या वेळी तिला फॉर्मच भरता येणार नव्हता.

गणित, इतिहास ती चुलीपुढे बसून करायची. पण या शब्दांच्या जोड्या, समसंबंध म्हणतात त्यांना, तिला माणसांत बसून सोडवायला आवडत. माझी कंबर वाकत नाही, म्हणून वेचणीच्या दिवसांत माझं काम बांधावर बसून वेचलेल्या कापसाची राखण करायचं. तेव्हा पुस्तक माझ्या हातात देई आणि म्हणे, "आबाजी, तुम्ही विचारा, आम्ही सांगतो."

मी गावच्या शाळेत सातवी शिकलो. गुरुजींनी पाढे घोकून घेतले, कविता पाठ करून घेतल्या. पण एका शब्दाचं दुसऱ्या शब्दाशी काही नातं असतं आणि ते ओळखायचं असतं, हे मला सत्तरीत, कापसाच्या शेतात कळलं. सुताराचा रंधा, तसं न्हाव्याचं काय? वस्तरा. वासरू आणि गाय, तसं पाडस आणि कोण? आशाबाई म्हणे, "हरीण, हे बी काय विचारनं झालं?" पण उलटं विचारलं, म्हणजे गाय आधी आणि वासरू मग, की सगळ्या गडबडत. पुष्पांजली म्हणायची, पहिली जोडी ज्या दिशेनं चालते त्याच दिशेनं दुसरी चालवायची.

एकदा चांदबी म्हणाली, "पुष्पे, सून अन् सासूचं वाक्य कर बरं."

पुष्पांजलीनं डोळ्यांनीच नको म्हटलं. सासू शेजारच्याच तासात होती.

"मी करते," चांदबी म्हणाली. "सून वेचते, सासू मोजते."

आशाबाई खाली बघून म्हणाली, "सासूनं मोजलं नाही तं घर कसं चालन वं?" आणि स्वतःच सगळ्यात जास्त हसली.

आता सावडीचं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आधीचा देशी कापूस थोडा थोडा फुटायचा. घरच्या बाया संक्रांतीपासून पाडव्यापर्यंत सावकाश वेचत. बीटीचं बियाणं आलं आणि सगळ्या शिवाराची बोंडं एकदम फुटू लागली. मजूर कुठून आणायचे? आले तरी किलोमागं मागतील ते द्यायला परवडेना, कापसाचा भाव तर दरवर्षी निराळंच तोंड दाखवायचा. म्हणून लहान शेतकऱ्यांच्या बायांनी सावड धरली. आज सगळ्यांनी माझ्या शेतात, उद्या सगळ्यांनी तुझ्या. पैसा नाही, हाताला हात. जिनं हात घेतले तिनं परत द्यायचेच. आणि अडचण आली तर ती जिची आहे तिनंच तोंडानं सांगायची, तिसऱ्यानं मधे बोलायचं नाही. एखादी न सांगता चुकली, तर पुढच्या हंगामात तिला कोणी हाक मारत नसे.

परीक्षेचं प्रवेशपत्र आलं. रविवार, बुलढाणा, सकाळी अकरा. आणि त्याच रविवारी सावड सुभद्राबाईच्या शेतात होती.

मी त्या आठवड्यात डोळ्याच्या ऑपरेशनसाठी खामगावला होतो. पुढचं मला चांदबीनं सांगितलं आणि काही नंतर पुष्पांजलीनं.

ती सुभद्राबाईला सांगायला दोन दिवस आधी गेली होती. सुभद्राबाईचा कापूस पांढरा होऊन लोंबत होता आणि आभाळ भरून आलं होतं. भिजला की सगळा काळा पडणार. महादेवराव, म्हणजे सुभद्राबाईचे मालक, पाय मोडून घरात पडलेले. पुष्पांजली दारात दिसली तशी सुभद्राबाई म्हणाली, "ये माय. रविवारी तुझ्यावानी हाताच्या बाया हायेत म्हणून जीव थाऱ्यावर हाय माह्या."

पुष्पांजलीनं पाणी घेतलं, महादेवरावांच्या पायाची विचारपूस केली आणि परत आली.

घरी आशाबाईला वाटलं, हिनं विचारलं असेल आणि सुभद्राबाईनं नाही म्हटलं असेल. म्हणून ती सुभद्राबाईवर मनात रागावून बसली. दीपकला वाटलं, आईनंच अडवलं असेल, आता आईशी काय वाद घालायचा. तिसऱ्यानं बोलायचं नाही हा नियम बांधावरचा, पण त्यांनी तो घरात पाळला. बाकीच्या बायांना तर परीक्षा पुढच्या रविवारी आहे असंच वाटत होतं, कारण सुट्टी कोणी मागितली नव्हती.

रविवारी सकाळी एसटी गावातून गेली आणि पुष्पांजली कमरेला कापसाची ओटी बांधून सुभद्राबाईच्या तासात उभी होती.

दुपार होत आली. मी नव्हतो, म्हणून चांदबीनंच प्रश्न घातला. "बांगडीले कासार, तं मडक्याले कोण?"

पुष्पांजली पुढचं झाड वेचू लागली.

"काय वं? परीक्षा जवळ आली अन् तुहं तोंड बंद?"

"आजच हाय," ती म्हणाली.

"काय आज?"

"पेपर. सुरू बी झाला असन."

चांदबी सांगते, की तेव्हा अख्खा तास थांबला. सुभद्राबाईनं ओटी सोडली, तिच्यातला कापूस मातीत पडला, तरी तिनं खाली पाहिलं नाही. "काय बोलून राह्यली तू? कलीमची मोटारसायकल आणा रे कोणी." कलीम हा चांदबीचा पोरगा. चांदबी त्याला हाका मारत बांधाकडे धावली.

पुष्पांजलीनं तिला अडवलं. "राहू द्या. आता आत घेत नाहीत."

आशाबाई तासातून पुढं आली. सुनेला म्हणाली, "तू इचारलंच नव्हतं?" सुनेनं नाही म्हणून मान हलवली. आशाबाई तिथंच ढेकळावर बसली.

आणि तरी त्यांनी तो तास पुरा वेचला. दुसरं करणार काय? पाऊस तर आलाच नाही. आभाळ मोताळ्याकडे निघून गेलं. त्या आठवड्यात गावात खरेदीला आलेल्या व्यापाऱ्यानं कापूस हातात दाबून पाहिला आणि ओला आहे म्हणून भाव पाडला. थेंब न पडलेला कापूस.

पुष्पांजली आता पिंपळगाव राजाला शिष्यवृत्तीच्या मुलांचे वर्ग घेते. चांदबीची नात अंजुम तिच्याकडेच शिकली. वर्ग चांगले चालतात, पोरं हसत शिकतात, मीही कधी कधी मागं जाऊन बसतो. पण नवा तलाठी गावात आला आणि सातबाऱ्यासाठी रांग लागली, की आशाबाई त्या रांगेत उभी राहत नाही, दीपकला पाठवते.

परवा सुभद्राबाईच्या नातवाचं बारसं होतं. पुष्पांजली पंगतीत वाढत होती. सुभद्राबाईला आता धड दिसत नाही, पण आवाजावरून ओळखून तिनं पुष्पांजलीचा हात धरला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "पुष्पे, मी मरायच्या आधी एकदा तरी सांग. मले इचारलं काऊन नाही?"

पुष्पांजलीनं वरणाचं भांडं खाली ठेवलं.

"मावशी, तुम्ही हो म्हणल्या असत्या, हे मले तेव्हाच ठाऊक होतं. पण तुमची एक ओळ माह्यासाठी भिजन, अन् पुढं मले सावडीत कोणी घेणार नाही, असं वाटलं. आता तं सावडच राह्यली नाही, बाहेरून मजुरांची गाडी येते. इचारायले पायजे होतं मावशी, इचारायले पायजे होतं."