काळा म्हटलं की कुट्ट

शैला गेल्याची बातमी मला एलिफनं सांगितली. आधी हेच लिहून टाकते, म्हणजे पोटात ठेवायला नको. रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या एकाच पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, आम्ही दोघी वाढलो, एका शाळेत गेलो, सत्तरी गाठेपर्यंत एकमेकींच्या घरी रोजचं जाणं-येणं… आणि तिच्या जाण्याची खबर मला कोण देतं, तर दोन वर्षांपूर्वी तुर्कस्तानातून आलेली एक पोट्टी! त्या सकाळी मी दवाखान्यातून आंघोळीपुरती घरी आले होते. डोक्यावर पाणी घेते न घेते तोच गेट वाजलं. ओल्या केसांनी दार उघडलं तर समोर एलिफ, ओढणी एका खांद्यावरून लोंबत असलेली, आणि एवढं कष्टानं जमवलेलं सगळं इंग्रजी कुठल्या कुठं गेलेलं. “आंटी… टीचर…” एवढंच म्हणाली आणि माझ्या गळ्यात पडली. मीही रडले, नाही कशी रडणार? पण रडता रडताच मनात आलं की शेवटच्या घटकेला ही होती तिथं, मी नव्हते. लोक म्हणतील, बाई, गेलेल्या माणसाच्या बाबतीत तरी हेवा सोड. नाही सुटत. आता दीड महिना होत आला, अजून सुटलेला नाही.

मराठ्यांच्या राज्यात इकडं आलेली आमची घरं. मराठी घरात आणि हिंदी दारात, असं आमचं सगळं. शैलाची आई आम्हा दोघींना तांदूळ निवडायला बसवायची आणि आम्ही उठून पळू नये म्हणून एक खेळ लावून द्यायची. ती म्हणायची, “काळा?” आम्ही ओरडायचो, “कुट्ट!” “पिवळा?” “धमक!” “लाल?” “भडक!” जी चुकली तिच्या सुपात आणखी एक ओंजळ तांदूळ. मग काकू उठून गेल्या तरी आमचं आपसात चालूच. पुढं पुढं खेळायला सूपही लागेना. शाळेच्या रस्त्यानं ती अर्धा शब्द टाकायची, मी उरलेला अर्धा उचलायची. पाऱ्यात आम्हाला वेगवेगळी हाक कोणी मारतच नव्हतं. “शैली-मंगी!” अशी एकच हाक यायची, आणि आम्ही जिथं असू तिथून दोघी एका सुरात “हव!” करायचो. छत्तीसगढी शेजारणींचं ते ‘हव’ आमच्या तोंडात कधी बसलं कोण जाणे. आईला मात्र ते आवडायचं नाही, ‘हो’ म्हणा म्हणून ती रागवायची.

पुढं शैला शाळेत इंग्रजी शिकवायला लागली आणि मी रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये लागले. लग्नं झाली, समता कॉलोनीत हाकेच्या अंतरावर घरं झाली. तिचा दराराच असा, की दुकानाच्या पाटीवर चुकीचं इंग्रजी दिसलं की स्कूटर थांबवून आत जायची आणि दुकानदाराला पाटी उतरवायला लावायची. तो बिचारा बहुतेक वेळा तिचाच विद्यार्थी निघायचा. हसायची मात्र अजिबात आवाज न करता, नुसते खांदे हलायचे. चहा कोमट झाला की कप तसाच परत पाठवायची, दुसऱ्याच्या घरीसुद्धा. अशी मास्तरीण झाल्यावर चारचौघांत ती मला ‘मंगला’ म्हणायला लागली. मग घरातही मंगलाच. ‘मंगी’ कधी गेलं ते मला कळलंही नाही… आणि कळलं तेव्हा, मला मंगी म्हण म्हणून सांगायला लाज वाटली. त्या वयात असं मागतात का कोणी?

रिटायर झाल्यावर मी तिला म्हटलं होतं, “शैला, मले पण इंग्रजी शिकव न व.” लॅबमध्ये सगळी नोकरी डॉक्टर लोक माझ्या डोक्यावरून इंग्रजीत बोलले, एकदा तरी मला मध्ये तोंड घालायचं होतं. ती खांदे हलवत हसली. म्हणाली, “तुले शिकवलं तर मी मराठी कोणाशी बोलू? निखिल माझाच पोरगा, पण मराठीत विचारलं तर हिंदीत उत्तर देते, सुनेले तर येतच नाई.” मी पण हसले. पण मनात म्हटलं, टाळून राहिली ही मले. साऱ्या रायपूरच्या पोरांना शिकवलं आणि मैत्रिणीच्या वेळी कारणं सुचली!

आणि मग तिच्या वरच्या मजल्यावर एलिफ आली. तिचा नवरा सिलतऱ्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात नवीन मशीन बसवायला आलेला. सकाळी जायचा तो दिवस मावळल्यावर यायचा, आणि ही दिवसभर एकटी, मोबाईलवर इंग्रजी शब्दांचं पाठांतर करत बसलेली. इथलं काम संपल्यावर नवऱ्याची बदली होईल त्या देशात तिला नोकरी करायची होती, त्यासाठी इंग्रजीची परीक्षा द्यायची होती. पर्यावरण, अर्थव्यवस्था असले जड जड इंग्रजी शब्द तिला घडाघडा यायचे, पण नळ गळतोय हे घरमालकिणीला सांगता येईना. शेवटी शैलाचा हात धरून तिला वर घेऊन गेली आणि नळ दाखवला. त्याच दिवशी शैलानं तिला शिष्या करून घेतलं. मागावंही लागलं नाही तिला!

पहिला शोध मात्र माझा होता, हे मी कोणालाही ठासून सांगेन. शैलाच्या अंगणात मी हात धूत होते, एलिफ जवळच उभी. मी तिला म्हटलं, “साबण दे.” ती चमकलीच. “सबून?” तिच्या भाषेतही तेच! मग मी बोट दाखवत सुटले. चहाला ती म्हणाली ‘चाय’, आठवड्याला ‘हफ्ता’, दुनियेला ‘दुन्या’. आनंदानं पोरीचे डोळे भरून आले. घर सोडल्यापासून तिला घरचं काही ऐकू आलं नव्हतं. आणि मग ती धावत आत गेली आणि मिठी कोणाला मारली? शैलाला! शोध माझा, मिठी तिला, आणि मी हातावरचा फेस घेऊन अंगणात उभी.

पण हेही चाललं असतं. चाललं नाही ते पुढचंच. एका दुपारी मी गेले तर दोघी व्हरांड्यात समोरासमोर बसलेल्या. शैला म्हणतेय, “स्ट्राँग?” एलिफ ओरडतेय, “टी!” “हेवी?” “रेन!” “कॅच?” “कोल्ड!” माझ्या पायातली चप्पल निघेना. शैला मला अगदी उत्साहानं सांगायला लागली, “हिनं आतापर्यंत एकेक शब्द सुटा पाठ केला न, म्हणून बोलताना अडून राहिली. शब्द जोडीनंच घ्यायचा. पाऊस जोराचा असला की इंग्रजीत तो हेवीच, स्ट्राँग नाई होत.” मी म्हटलं, “हो का?” आणखी काय म्हणणार? काकूंच्या तांदळापुढचा आमचा खेळ होता तो! तिनं तो इंग्रजीत नेऊन दुसरीला दिला होता, आणि कोणाचा म्हणून आणला याचा तिला पत्ताही नव्हता. त्या दिवशी मी चहा न घेताच परत आले.

आणि खरं सांगते, पोरीची भूक अशी होती की रागही धड करता येईना. तिच्या भाषेत म्हणे तो आणि ती असा फरकच नाही, दोघांना एकच शब्द. त्यामुळे आमच्या ह्यांना ती बिनदिक्कत ‘शी’ म्हणायची, आणि हेही मान डोलवायचे. दिवा घालवायचा असला की म्हणायची, “क्लोज द लाइट.” आता हे तर मीही तसंच म्हणते. शैला तिला जवळ बसवून समजवायची, “बेटा, लाइटचं लग्न टर्न ऑफशी झालंय, क्लोजशी नाई.” मी म्हटलं, मीही तेच म्हणते की! तर म्हणाली, “तू राहू दे मंगला, तुझं चालते.” काहून चालते? मी काय कायमची नापास? परीक्षेचा निकाल आला तेव्हा एलिफ पेढे घेऊन पहिली माझ्याकडं आली, कारण शैला बाजारात गेली होती. पेढा गोड होता, मी खाल्लाही, आणि तिच्या पाठीवर हातही फिरवला. पण शैला येईपर्यंत ती खिडकीतून रस्त्याकडंच पाहत होती.

मग शैलाला झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दोन-तीन दिवसांनी थोडे थोडे बोल फुटायला लागले, पण सगळे मराठी. डॉक्टर म्हणाले, कधी कधी असं होतं, नंतर शिकलेलं आधी जातं. जिच्या इंग्रजीला अख्खं शहर घाबरायचं तिला नर्सचं ‘ओपन युअर माउथ’ कळेना. निखिल आला, “मम्मी, पानी पियोगी?” म्हणाला, ती त्याच्याकडं नुसती पाहत राहिली. तो कॉरिडॉरमध्ये माझ्यापाशी येऊन लहान पोरासारखा रडला. “मौसी, समझता सब हूँ, पर बोलने जाता हूँ तो आता ही नहीं.” मी त्याला ‘पाणी देऊ का’ एवढं दहा वेळा घोकून घेतलं आणि परत आत पाठवलं.

एलिफ उशाशी बसली होती. तिनं शैलाचा डावा हात हातात घेतला आणि हळूच म्हणाली, “स्ट्राँग?” काही नाही. “हेवी?” काही नाही. “टीचर… कॅच?” तेवढ्यात शैलाची मान वळली, माझ्याकडं. ओठ एका बाजूला ओढलेले, शब्द जड झालेला, पण मला स्वच्छ कळला. “काळा…” म्हणाली. माझ्या तोंडून निघालं, “कुट्ट.” “पिवळा…” “धमक.” “लाल…” “भडक ग माझी बाई, भडक!” तिच्या चेहऱ्याची अर्धी बाजू हसली, आणि चादरीखाली डावा खांदा हलला. एलिफ आमच्याकडं टुकूटुकू पाहत होती. तिला एक अक्षर कळत नव्हतं. त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहू? माझी मैत्रीण मरणाच्या दारात होती आणि माझ्या जिवाला गार वाटलं. परत आली माझ्याकडं, असं वाटलं. मराठी कोणाशी बोलू, असं ती का म्हणाली होती, तेही तिथं उभ्या उभ्या कळलं.

पुढचे दिवस मी तिथून हलले नाही. वाटायचं, एवढं सगळं जुनं परत येतंय तर एकदा ‘मंगी’ही येईल. मी मुद्दाम तिच्या डोळ्यांसमोर बसायचे. पाणी मागितलं तिनं, आईची आठवण काढली, तांदूळ निवडायचे राहिले म्हणाली. मंगी नाही म्हणाली. एलिफ सकाळी यायची तेवढा वेळ मी घरी जाऊन आंघोळ करून यायची… आणि अशाच एका सकाळी ते गेट वाजलं.

तेरावं झालं, पाहुणे गेले. एलिफचं शैलाच्या घरी वर राहणं अजून आहे, नवऱ्याचं काम लांबलंय. एका गुरुवारी ती माझ्याकडं आली. बसली, चहा प्यायली आणि म्हणाली, “आंटी, काला?” मला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं, दवाखान्यात ऐकलेलं ती मागत होती. मी म्हटलं, “बिस्किट खा.” दुसऱ्या गुरुवारीही बिस्किटच दिलं. आमचं शेवटचं उरलेलं तेवढंच होतं, तेही हिला देऊ? तिसऱ्या वेळी ती काहीच मागेना, नुसती कप धुऊन निघाली, आणि जिन्यापाशी मलाच राहवलं नाही. म्हटलं, “कुट्ट. काळा की कुट्ट.” दोनदा सांगावं लागत नाही तिला, हाच तर राग आहे. हिरवागार, पांढराफटक, सगळं घेऊन गेली.

आता ती दर गुरुवारी येते. निघाली की गेटपाशी थांबून वर गॅलरीकडं पाहत शिकलेलं ओरडते, मी वरून दुसरा अर्धा द्यायचा, असा तिनंच नेम केलाय. गेल्या गुरुवारी चहा पिता पिता तिनं कप खाली ठेवला. मग अर्धं इंग्रजी, अर्धं हिंदी करत म्हणाली की टीचर त्या शेवटच्या सकाळी एकच शब्द म्हणत होत्या, पुन्हा पुन्हा, दाराकडं पाहून. तिनं तो जसा ऐकला तसा तोंडात धरून ठेवला होता. मोबाईलमध्ये शोधला, कुठंच सापडला नाही. निखिलला विचारायचा धीर झाला नाही. “आंटी, इट इज कलर?” तिनं विचारलं. मी म्हटलं, शब्द तर सांग. ती सरसावून बसली, जोडीतला पहिला अर्धा टाकताना बसायची तशी, आणि म्हणाली,

“मंगी?”

“हव,” मी म्हटलं. म्हटलं कुठं, निघालं तोंडातून. पुढचं मला दिसेना. हाक माझी होती, मला मारलेली, आणि कान हिचे होते… देवा, यापेक्षा मोठा हेवा कुठला करायचा माणसानं! मी पदर तोंडाला लावून बसले, आणि ती आपली हळूहळू घोकत होती, “मंगी – हव. मंगी – हव.” तिला वाटलं जोडीच आहे. मी अर्थ सांगितला नाही. तेवढं माझं.

अंधार पडायला लागला तशी ती निघाली. मी गॅलरीत आले. खाली गेटपाशी थांबून तिनं वर पाहिलं. “काला!” “कुट्ट!” “पीला!” “पिवळा म्हण ग, पिवळा… धमक!” समोरच्या क्लिनिकमधले पेशंट आमच्याकडं पाहायला लागले होते. मग तिनं दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि आमच्या पाऱ्यात मारायचे तशी लांब हाक मारली, “मंगीऽऽ!”

मी कठड्यावरून वाकून, होता नव्हता तेवढा आवाज काढून म्हटलं, “हव!”