पलंगाएवढी इस्त्रीची फळी
जामखेडला आमच्या गल्लीत एक सुतारमामा राहायचे. गोधडीच्या शिवणींवर इस्त्री फिरवायला मी त्यांना पलंगाएवढी फळी करायला सांगितली. गोठ्याच्या जुन्या दाराची ती दोन दिवसांत होणार होती.

पंधरा दिवस मी रोज त्यांच्या अंगणात खेटे घातले. मामा एक डोळा मिटून फळीच्या कडेनं बघायचे, मिशी चोळायचे आणि म्हणायचे, “अजून न्हाई, ताई.” की पुन्हा रंधा सुरू! इकडे लेकीचे दिवस भरत आले होते आणि बाळाची गोधडी तुकड्यांतच पडली होती.

“मामा, वर घोंगडी ताणणारच आहे ना? खालचं कोण बघतंय?” मी ओरडलेच.

“घोंगडी मऊ हाय. इस्त्री दाबली की खालचं समदं वर येतं.”

दुसऱ्या दिवशी भांडायच्या तयारीनंच गेले. मामा उघड्या पाठीनं फळीवर आडवे पडून इकडून तिकडं सरकत होते. मला बघताच लाजून उठले. पाठीवर ताजा ओरखडा होता.

“आमच्या हाताला घट्टे. बारीक कुसळ कळत न्हाई,” ते म्हणाले. “एक राहिलं हुतं. काढून देतो.”

ओठांवर आलेलं भांडण गिळून मी पायरीवर बसले.