वच्छलाबाईंचा भरलेला वर्ग

जेऊरच्या वच्छलाबाई ट्रेनिंग कॉलेजातून पास होऊन सोलापुरात रुजू झाल्या, तेव्हा त्यांची समजूत होती की शाळेत मुली असतात. हेडमास्तर भीमाशंकर यांनी पहिल्याच दिवशी ती समजूत काढून टाकली. तेलुगू विणकरांच्या वस्तीतली मुलींची शाळा. दुसरीच्या हजेरीपटावर बेचाळीस नावे, आणि समोर तरटावर अकरा मुली, त्यातल्या दोघी पेंगत. "सगळ्या हजर मांडा," पानाला चुना लावत हेडमास्तर म्हणाले. "तपासणीला साहेब यायचे असले की गोळा करू इकडून तिकडून." असली माणसे शिक्षणखात्याला कुठून सापडतात देव जाणे, पण सापडतात खरी.

बाईंना ते जमेना. खरे तर जमवून घ्यायला हवे होते. सहा महिन्यांनी साहेब वर्ग तपासणार, त्यांचे समाधान झाले तरच नोकरी कायम. नाहीतर परत जेऊर. नवरा मानमोडीच्या साथीत गेला तेव्हा बाई अकरा वर्षांच्या होत्या. पुढची दहा वर्षे भावजयीची बोलणी खात त्यांनी चूल फुंकली होती. त्या चुलीपुढे पुन्हा बसायचे नाही, एवढे एकच त्यांना ठाऊक होते.

म्हणून त्या घरोघर निघाल्या. पटावरच्या एका मुलीची आई रत्नम्मा, तिच्या ओसरीवर त्यांनी शिक्षणाचे महत्त्व चांगले अर्धा तास सांगितले. रत्नम्माने ऐकून घेतले.

"पोरगी हुशार हाय की, बाई. दिसभर कांड्या भरती. ती साळंत बसली तर माग काय तुमी चालवनार व्हय?"

कॉलेजात बाईंना बालमनाचे सारे कप्पे शिकवले होते. मागाच्या धोट्यात बसवायची सुताची कांडी मात्र कुणी दाखवली नव्हती. दोन दिवस त्यांनी त्या पोरीला कांडीवर सूत गुंडाळायचा छोटा रहाट फिरवताना पाहिले. हात गुंतलेले, पण तोंड आणि कान रिकामेच. तिसऱ्या दिवशी त्या रत्नम्माला म्हणाल्या, "रहाट घेऊनच येऊ दे तिला."

महिन्याभरात वर्गात अडतीस मुली झाल्या. तीसेक रहाटांची घरघर, त्या तालावर पाढे. रत्नम्माची लेक कांडी भरता भरता अख्खा धडा वाचायची आणि मागच्या मुलींना तेलुगूत समजावून द्यायची. ते ऐकताना बाईंना असे सुख व्हायचे, की हेडमास्तरांचे तोंडही काही वेळ बरे दिसे.

आणि साहेब आले. दारातच थबकले. "चरखे? म्युनिसिपालिटीच्या शाळेत चरखे?"

गेल्याच साली गावात मार्शल लॉ होता. नुसती गांधीटोपी घातली म्हणून माणसे आत गेली होती. तेव्हापासून साहेबांना गोल फिरणाऱ्या वस्तूची धास्तीच बसलेली.

"कांड्या भरायचे रहाट आहेत, साहेब," बाई म्हणाल्या. "इथे घरोघरी असतात."

साहेबांच्या डोक्यावरचा फेटा बहुधा याच गल्लीत विणलेला. पण दहा वर्षे गावात काढून या गृहस्थांनी रहाट पाहिला नव्हता. हेडमास्तरांनी पाहिला होता. त्यांच्या घराच्या भिंतीला लागूनच माग होता. बाईंनी आशेने त्यांच्याकडे पाहिले.

"मलाही संशय होताच, साहेब," हेडमास्तर म्हणाले.

रत्नम्माची लेक पुस्तक घेऊन उभी राहिली, वाचू का म्हणून विचारू लागली. साहेबांनी तिच्याकडे पाहिलेही नाही. "आधी ही घाण बाहेर काढा!"

रहाट बाहेर निघाले. ते काही एकटे चालत जाणार नव्हते. प्रत्येकामागून एक-एक पोर निघाली. वर्गात उरल्या नऊ जणी, भेदरून गप्प बसलेल्या. साहेब खुर्चीत टेकले, घाम पुसला आणि शेरा लिहिला: वर्ग शांत. शिस्त उत्तम. बाईंना कायम करण्यास हरकत नाही.

साहेबांना पोचवून हेडमास्तर हसत परतले. "पेढे काढा, बाई! पोरी गेल्या त्या गेल्या, नोकरी तर पक्की झाली."

"जागा बरीच रिकामी झालीय, मास्तर," बाई म्हणाल्या. "तुम्ही येऊन बसत जा. खरं कसं बोलायचं, तेवढं शिकवीन."

मग मात्र त्यांना रडू कोसळले, आणि या माणसासमोर रडू यावे याचा त्यांना जास्तच राग आला.