प्लायवूडच्या भाकरी

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. दुष्काळ होता आणि लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. रेणापूरजवळच्या शाळेत मी मुख्याध्यापक होतो. चौथीच्या बाई घरून भाकरी आणून अपूर्णांक शिकवायच्या. ज्याचं उत्तर बरोबर, त्याला तो तुकडा. उपाशी पोरं धडाधड गणितं सोडवायची.

नव्या जिल्ह्याचे साहेब तपासणीला आले. एका पोराला म्हणाले, "पाव भाग दाखव बरं."

"खाल्ला की, साहेब!"

साहेब खूश झाले. नवोपक्रमाचं अनुदान देतो म्हणाले, फक्त साहित्य टिकाऊ हवं. मी बाईंना न विचारताच मान डोलावली, प्लायवूडच्या रंगवलेल्या भाकरी करून घेतल्या आणि खऱ्या बंद केल्या.

पहिल्याच दिवशी एकानं चावून पाहिली. "गुरुजी, लई कडक हाय!"

काही दिवसांत निम्मी पोरं यायची थांबली. बाई म्हणाल्या, "गुरुजी, आता अर्धा शिकवायला भाकर कशाला? वर्गच दाखवते."

त्यांच्या निरोप समारंभात मी माफी मागायलाच उठलो होतो. पावसापाण्यावर भरपूर बोललो, टाळ्या घेतल्या आणि खाली बसलो. "बाई, तुमचा भरलेला वर्ग मी अर्धा रिकामा केला," एवढंच म्हणायचं होतं.