मामांना मिळालेले पाच मार्क

मी मेकॅनिकलला प्रवेश घेतला तेव्हा शेजारच्या काकूंनी पेढा तोंडात टाकत विचारलं, "मेकॅनिकल म्हणजे गॅरेजच ना गं?" आईनं विषय बदलला. बाबा सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि सत्याला धरून चालणारे म्हणून विश्रांतवाडीत प्रसिद्ध होते. ते सगळ्यांना सांगत सुटले, "इलेक्ट्रॉनिक्स थोडक्यात हुकलं हो तिचं." माझं काहीच हुकलं नव्हतं. मी फॉर्मवर पहिल्या क्रमांकाला मेकॅनिकल लिहिलं होतं. पण मुलीनं ही शाखा स्वतःहून मागून घेतली, यापेक्षा तिला मार्क कमी पडले हे सांगणं घराला जास्त शोभणारं होतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. वर्गात एकोणसाठ मुलगे आणि मी. आमच्या इमारतीत मुलींसाठी स्वच्छतागृह नव्हतं, ते ग्रंथालयाच्या मागे होतं. जायला दहा मिनिटं, यायला दहा. मी कॉलेजच्या कचेरीत अर्ज दिला. तिथल्या गृहस्थांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "बाई, ही इमारत बांधली तेव्हा आपण येणार आहात असं कुणी कळवलं नव्हतं." अर्ज त्यांनी ठेवून घेतला. बहुधा पुढच्या इमारतीसाठी.

पहिल्या सत्रात वर्कशॉप होतं. सुतारकाम उरकलं, फिटिंग उरकलं आणि मग आम्ही लोहारशाळेत गेलो. पत्र्याची लांबट शेड, सहा भट्ट्या, सहा ऐरणी आणि त्या सगळ्यांवर राज्य करणारे मामा. मामा लोणी काळभोरचे. पिढीजात लोहार. तीस वर्षं या शेडमध्ये भावी इंजिनियरांना घण कुठल्या बाजूनं धरायचा हे शिकवत होते. पद मात्र मदतनिसाचं, कारण शिकवण्याचं काम प्राध्यापकांच्या नावावर होतं. प्राध्यापक शेडच्या दारापर्यंत येत, रुमाल नाकाला लावत, हजेरी घेत आणि जात. त्यांना धुराचा त्रास होता.

पहिला जॉब सोपा म्हणून सांगितला गेला. गोल सळई तापवून ठोकून चौकोनी करायची आणि एका टोकाला आकडा वळवायचा. मी ओढणी कमरेला बांधून सांडशीला हात घातला, तर मामा धावत आले.

"ताई, ह्ये ठिवा. तुमी हितं खुर्चीवर बसा."

"मग माझा जॉब?"

"त्यो झालेला हाय." त्यांनी एप्रनखालून आकडा काढून माझ्या हातात दिला. "सकाळीच करून ठिवला. ठिणगी उडाली, तोंडाला डाग पडला, म्हंजे? उद्या लगीन करायचं हाय तुमचं."

माझं लग्न ठरवायला घरचे पुरेसे होते, पण मामांच्या चेहऱ्यावर इतका भाबडा चांगुलपणा होता की मला भांडता येईना. शिवाय खरं सांगायचं तर सळई जड होती, ऊन मी म्हणत होतं आणि खुर्चीला पाठ होती. मी बसले. तीन आठवडे प्रॅक्टिकलला बसून राहिले. बाकीचे एकोणसाठ जण घाम गाळत होते आणि माझ्याकडे बघून जे बोलत होते ते मला ऐकू जाणार नाही याची अजिबात काळजी घेत नव्हते.

जॉब तपासायच्या दिवशी प्राध्यापक चक्क आत आले. टेबलावर साठ आकडे मांडलेले, प्रत्येकावर रोल नंबरची चिठ्ठी. बरेचसे आकडे पाल शेपटी टाकून गेल्यासारखे दिसत होते. त्यांना सहा, सात. एकाच्या सळईला मधेच पीळ पडला होता, त्यालाही सहा, "प्रयत्न आहे" म्हणून. मग सरांनी माझा आकडा उचलला. कडा सरळ, वळण गोल, पृष्ठभाग असा की त्यावरून बोट फिरवावंसं वाटावं. सरांनी चिठ्ठी वाचली, मग माझ्याकडे पाहिलं.

"बरा आहे," ते म्हणाले. "पण मिस, यात जोर दिसत नाही. घाव वरवरचे आहेत. तुमचा दोष नाही, मुलींच्या मनगटाला हे जमत नाही. पाच."

मी मामांकडे पाहिलं. मामा भात्याजवळ उभे होते. त्यांच्या आजोबांनी बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा बसवल्या, वडिलांनी नांगर घडवले आणि या माणसाला आज दहापैकी पाच मार्क मिळाले होते, तेही मनगटात जोर नाही म्हणून. ते काही बोलू शकत नव्हते. बोलले असते तर दोघंही गेलो असतो.

सर रुमाल सावरत गेले. मुलं पांगली. मामा खुर्चीपाशी आले, खुर्ची उचलली आणि शेडच्या बाहेर नेऊन ठेवली.

"पुढचा जॉब छिन्नीचा हाय," ते म्हणाले. "उद्या घण उचला."

"आणि लग्न?"

"लगीन गेलं खड्ड्यात."

त्यानंतर मामांनी मला जे शिकवलं, ते कुठल्याही क्रमिक पुस्तकात नव्हतं. पुस्तकात तापमानाचे आकडे होते. मामा म्हणायचे, "नागपुरी संत्र्याचा रंग आला की काढायचं. दुधावानी पांढरं झालं की लोखंड जळलं, मग त्याची राख बी कामाची न्हाई." घण खांद्यातून नाही, पायातून उचलायचा. ठोकताना ओठ दाबायचे नाहीत, दम कोंडतो. पहिल्या दिवशी मी ऐरणीला दोनदा मारलं आणि सळईला एकदाही नाही. दुसऱ्या दिवशी तळहाताला फोड आले. आईनं हळद लावली आणि बाबांकडे पाहिलं. बाबांनी पेपर वर केला. चौथ्या दिवशी कुर्त्याच्या बाहीला ठिणगीनं भोक पडलं आणि मामा पहिल्यांदा हसले.

माझी छिन्नी तयार झाली ती देखणी नव्हती. एक बाजू किंचित जाड होती, डोकं थोडं तिरकं. पण धार आली होती आणि तिनं पत्रा कापला जात होता. तपासणीला सरांनी ती हातात घेतली, फिरवली आणि त्यांच्या चेहऱ्यावर गुप्त पोलिसाचं तेज आलं.

"मिस, ही तुम्ही केलेली नाही. मामांनी करून दिलीय."

आकडा मामांनी केला तेव्हा तो माझा ठरला होता. छिन्नी मी केली, तेव्हा ती मामांची ठरली. मामांनी तोंड उघडलं, पण मीच आधी बोलले.

"सर, आत्ता समोर करून दाखवते. आपल्याला वेळ असेल तर."

त्यांना वेळ नव्हता, पण एकोणसाठ मुलांसमोर तसं म्हणता येईना. ते थांबले. मी भट्टीत सळई घातली, सगळ्यांच्या नजरा पाठीवर घेतल्या आणि घाबरून नको तितकी आत ठेवली. बाहेर काढली तर टोक पांढरंफेक, फुलबाजीसारखं तडतडत होतं. मागून कुणीतरी म्हणालं, "दिवाळी!" मामा पुटपुटले, "जळलं. टाकून द्या. दुसरी घ्या."

दुसरी घेतली. या वेळी फक्त रंगाकडे पाहिलं. संत्र्याचा आला तशी काढली, ऐरणीवर धरली आणि मारत सुटले. तीनदा पुन्हा तापवली. अर्धा तास गेला असेल. सर खोकत होते, डोळे पुसत होते, पण दारापर्यंत जाऊन परत येत होते. शेवटी मी सांडशीनं छिन्नी पाण्यात बुडवली. चर्र आवाज आला आणि वाफेत सर दिसेनासे झाले. मला ते आवडलं.

ही छिन्नी पहिलीपेक्षाही वाकडी होती. सरांनी ती बराच वेळ पाहिली.

"सहा," ते म्हणाले.

मामांपेक्षा एक मार्क जास्त. हे मी मामांना सांगितलं, तेव्हा त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "परीक्षक आंधळा असला की असंच व्हतं."

मुलांनी मला त्या दिवशी पहिल्यांदा कँटीनला बोलावलं आणि चहाचे पैसे माझ्याकडूनच घेतले. म्हणजे बरोबरीच्या नात्यानं वागवायला लागले.

पुढच्या वर्षी आमच्या शाखेत आणखी एक मुलगी आली. मला केवढा आनंद झाला. सरांनी तर सूचना फलकाजवळ उभं राहून भाषणच केलं, की या विभागानं मुलींना नेहमीच प्रोत्साहन दिलं आहे. मामा अनुभवानं शहाणे झाले होते. ती लोहारशाळेत आली, तेव्हा त्यांनी तिला बसायला सांगितलं नाही, नमस्कारही घेतला नाही. थेट घण हातात दिला.

पंधरा दिवसांत ती इलेक्ट्रॉनिक्सला बदलून गेली.

सरांनी मला व्हरांड्यात गाठलं. "पाहिलंत मिस? तुमच्यामुळे आमची एक मुलगी गेली."

"सर, मी अजून आहे," मी म्हटलं.

"हो," ते जरा विचार करून म्हणाले, "ते आहेच."

आणि रुमाल काढत पुढे गेले.