फोटो नको म्हणाली होती

ईट गावात मोनिकाला नावानं हाक मारणारं फारसं कुणी उरलं नव्हतं. ती गावची आशा सेविका, म्हणून सगळ्यांची आशाताई. कुणाला दिवस गेलेत, कुणाच्या अंगात रक्त कमी आहे, कुणाचा नवरा हात उचलतो, हे बायका आधी तिला सांगायच्या, मग माहेरी. यातलं एक अक्षर तिनं कधी बाहेर जाऊ दिलं नव्हतं. त्याचा तिला अभिमान होता आणि तो तिच्या चालण्यातही दिसायचा.

फोन मात्र तिचा स्वतःचा नव्हता. नवरा शिवराज भूमच्या एसटी आगारात मेकॅनिक होता. त्यानं नवा फोन घेतला तेव्हा जुना हिला दिला. खातं, पासवर्ड सगळं त्याचंच राहिलं. "एकच खातं असलेलं बरं. फोन हरवला तरी फोटो जात न्हाईत," तो म्हणाला. मोनिकालाही ते सोयीचं वाटलं. दिवाळीत घरात मोठा टीव्ही आला, तोही त्यानं त्याच खात्याला जोडला. टीव्ही थोडा वेळ नुसता राहिला की लेकीच्या वाढदिवसाचे, तुळजापूरला देवीला गेल्याचे फोटो आपोआप एकामागं एक यायचे. पाहुणे आले की शिवराज मुद्दाम टीव्ही तसाच सोडून द्यायचा.

त्याच हिवाळ्यात अक्षदा तिच्याकडं आली. धनगर गल्लीतल्या हरणाबाईची ती सून. पदरात अंगावर पिणारी मुलगी, अंगात रक्त नाही आणि सासूला लगेच नातू हवा. नवरा सिदू अक्षदाच्या बाजूनं होता, पण आईपुढं तोंड उघडायची त्याची हिंमत नव्हती. मावशीला बघून येते असं घरी सांगून अक्षदा मोनिकाबरोबर भूमच्या दवाखान्यात गेली आणि मूल लांबवायला तांबी बसवून घेतली.

बाहेर आल्यावर मोनिकानं तिला कुटुंब नियोजनाच्या फलकाखाली उभं केलं आणि फोन काढला.

"फोटो नको ताई," अक्षदा म्हणाली.

"अगं, कामाचा पुरावा असावा लागतो. माझ्याच फोनात राहणार. कोण बघतंय?"

अक्षदानं पदर सारखा केला आणि उभी राहिली.

संक्रांतीनंतर मोनिकाच्या घरी हळदीकुंकू झालं. गल्लीतल्या बायका जमल्या, हरणाबाईही आली. मालिका लागली होती. वाण वाटताना गोंधळ नको म्हणून मोनिकानं ती थांबवली आणि स्वतः आत चहा बघायला गेली. इकडं टीव्हीवर फोटो सुरू झाले. बायका कौतुकानं बघत होत्या. लेकीचा केक, देवीचं महाद्वार, शिवराजची गाडी. आणि मग भिंतभर मोठी अक्षदा.

"ही आमची अक्षदा न्हवं?" हरणाबाई म्हणाली. "ह्या लुगड्यावर तर मावशीकडं गेलती."

शेजारच्या एका बाईनं कौतुकाच्या भरातच फलक मोठ्यानं वाचला, "कुटुंब नियोजन विभाग." वाचून झाल्यावर तिनं जीभ चावली.

मोनिका पळत बाहेर आली. रिमोट उचलून तिनं घाईत बटण दाबलं, ते नेमकं चुकीचं. सरकणारा फोटो जागेवरच थांबला. शेवटी तिनं भिंतीवरचं बटणच बंद केलं. हातातलं वाण हरणाबाईनं जमिनीवर ठेवलं आणि चप्पल पायात न घालता, हातात घेऊनच ती निघून गेली.

संध्याकाळी धनगर गल्लीतून आरडाओरडा ऐकू आला. सिदूला आईनं विचारलं तेव्हा तो खाली बघून म्हणाला, "मला काय ठावं न्हाय." सकाळी अक्षदाला माहेरी धाडलं.

मोनिका मागच्या वाटेनं जायला लागली. नळावर तिला बघून बायका गप्प व्हायच्या. एकदा कुणीतरी हसत म्हणालं, "हळू बोल गं, टीव्हीवर यील." ती घरी येऊन चुलीपाशी बसली आणि दूध उतू गेलं तरी तिला कळलं नाही.

शिवराजला तिनं सगळं सांगितलं. त्यानं टीव्हीवरचे फोटो बंद केले, पण चूक फोनची, असं दोघांनीही ठरवून टाकलं. ते ऐकायला बरं वाटत होतं. भूमला बालाजीच्या मोबाइलच्या दुकानात दोघं नवा फोन बघायला गेले.

बालाजीनं पहिला चकचकीत फोन पुढं केला. "कॅमेरा भारी हाय वैनी. अ‍ॅपं बी आधीच घालून दिल्याती."

"नको असतील तर काढता येतात का?"

"न्हाय, ती कंपनीची हायत. फोनमधले नंबर बघू का म्हणून विचारत्यात, व्हय म्हणायचं आन सोडून द्यायचं."

मोनिकानं तो फोन बाजूला सारला. बालाजीनं दुसरा काढला, महागातला. "ह्यात बाहेरचं काय सहजी शिरत न्हाय. पण तुमाला पायजे ते बी सहजी घालता यायचं न्हाय. कामाचं अ‍ॅप चालंल का न्हाय, मी सांगू शकत न्हाय." काम थांबून चालणार नव्हतं. शेवटी तिनं साधा, जाडसर फोन उचलला. कॅमेरा बेताचा, पण नको ती अ‍ॅपं काढता येत होती आणि सुरक्षेचे अपडेट पुढं बरीच वर्षं मिळणार होते. तिनं स्वतःचं नवं खातं काढून घेतलं आणि फोटो आपोआप खात्यात साठवायचं बंद करायला सांगितलं.

"फोन फुटला तर सगळं गेलं बगा," बालाजी म्हणाला. "मग माझ्याकडं येऊन उपयोग न्हाय."

"गेलं तर जाऊ द्या."

"कुलपाचा नंबर मला तर सांगशील?" शिवराजनं विचारलं.

"न्हाय."

"नवऱ्यापासून झाकण्यासारखं काय असतंय बायकोच्या फोनात?"

बालाजी उगाचच काच पुसायला लागला. "माझं काय न्हाय वो," मोनिका हळू आवाजात म्हणाली. "दुसऱ्यांचं असतंय."

रात्री जेवताना शिवराज रुसूनच म्हणाला, "रस्त्यात तुला काय झालं तर लोकांनी कुणाला फोन करायचा?" कुलूप न उघडताही त्याचा नंबर दिसेल अशी सोय तिनं करून दाखवली. त्यानं मान हलवली. रुसवा पुरता गेला नाही, पण कुलपाचा नंबर त्यानं परत मागितला नाही.

मग ती अक्षदाच्या माहेरी गेली. अंगणात अक्षदा लेकीला पेज भरवत होती. मोनिकानं पिशवीतून फोन काढला आणि घाईघाईनं सांगायला लागली. खातं वेगळं केलंय, कुलूप आहे, टीव्हीला काही जोडलेलं नाही, तुझा फोटो सगळीकडून पुसलाय.

अक्षदानं सगळं ऐकून घेतलं.

"ताई, तुमी मुद्दाम न्हाय केलं, मला ठावं हाय," ती म्हणाली. "पण म्या नको म्हणलं होतं."

इतके दिवस मोनिका खात्याला, टीव्हीला, शिवराजला दोष देत फिरत होती. 'फोटो नको' हे दोन शब्द तिच्या ध्यानातही राहिले नव्हते. "व्हय," एवढंच ती म्हणाली. अक्षदानं चहा केला. मोनिकानं तो मान खाली घालून प्याला.

पुढं सिदूनं एकदाचं आईला सांगितलं की तांबी त्याला विचारूनच बसवली होती, आणि तो स्वतः जाऊन बायकोला घेऊन आला. तांबी राहिली. अक्षदा मात्र काही लागलं की सरळ नर्सबाईंकडं जाते. रस्त्यात भेटली तर हसते, थांबत नाही. मोनिकाही तिला थांबवत नाही.

उन्हाळ्यात एका दुपारी मोनिका दारात मटकी निवडत असताना हरणाबाई आली. आत आली, दार लोटलं आणि उभीच राहिली.

"लई वर्सं झाली, खालनं अंग भाईर येतंय," ती म्हणाली. "बसवत न्हाय, वझं उचलवत न्हाय. कुणाला बोलले न्हाय, सिदूला बी न्हाय."

मोनिकाचे हात थांबले. "मग मला कशाला सांगताव, मामी? माझ्याकडनं काय झालंय ते..."

"तेच म्हणून. एकदा तुजी लाज निघालीया. आता तू जपशील."

मोनिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला बरं वाटलं नाही, उलट अधिकच लाजल्यासारखं झालं. शिक्षा मिळाली असती तर ती सोसायला सोपी गेली असती.

"उद्या सकाळच्या गाडीनं जाऊ," ती म्हणाली. "दवाखान्यात नाव लिवावं लागंल. तिथल्या लोकांनाच कळंल. चालंल का?"

हरणाबाईनं जरा विचार केला. "चालंल," ती म्हणाली आणि पहिल्यांदा खाली टेकली, सावकाश, एका बाजूला कलून. मोनिकानं मटकीचं ताट बाजूला सारलं आणि तिच्या पाठीशी उशी दिली.